मुकीची लाईन

मुकीला साखळी सोसत नव्हती आणि साखळी सोडलेली मुकी गावाला सोसत नव्हती. मधल्या मध्ये मेंढक्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

डोंगराला कंपनीचं तारेचं कुंपण पडलं, तिथून सगळं सुरू झालं. पाण्याचा झरा कुंपणाच्या आत गेला. उन्हाळा तोंडावर आलेला. एवढा कळप पाजायचा कुठं? मेंढक्यानं ओढता येईल तितके दिवस ओढलं, लांबच्या ओढ्यापर्यंत मेंढरं नेली, पायांना चिरा पडल्या, आणि शेवटी व्यापाऱ्याला बोलावलं. मेंढरं गेली, वाडगं रिकामं झालं आणि मुकी बेकार झाली. माणूस बेकार झाला तर चहाच्या टपरीवर बसून सरकारला शिव्या तरी देतो. कुत्रीनं काय करावं?

मुकी हे नाव तिला तिच्या कामावरूनच पडलेलं. ती भुंकायची नाही. पोट जमिनीला लावायची, मान खाली घालायची आणि नुसती बघायची. तिच्या त्या बघण्यानं आडमुठा एडकासुद्धा निमूट वळायचा. आता बघायला मेंढरंच नाहीत म्हटल्यावर तिनं गल्लीतल्या कोंबड्या वळायला घेतल्या. मग शाळेतून सुटलेली पोरं. पोरं एका ओळीत घरी यायला लागली तेव्हा मास्तरही हसले. पण एके दिवशी तिनं शेजारच्या चुलतभावाच्या शेळ्या त्याच्या अंगणातून काढल्या, मेंढक्याच्या रिकाम्या वाडग्यात कोंबल्या आणि दारात उभी राहिली. त्या गर्दीत एक गाभण शेळी चेंगरली आणि गाभडली.

चुलतभाऊ मेलेलं करडू पोत्यात घालून घेऊन आला. पोतं त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"हे बघून घे," तो म्हणाला. "या वेळी सांगायला आलोय. पुढच्या वेळी यायचा नाही. तिच्या खाण्यात काय मिसळायचं ते मिसळीन."

"बांधून ठेवतो," मेंढक्या म्हणाला.

"बांधून ठेव नाहीतर डोक्यावर बसव. मी सांगितलं."

त्या दिवसापासून मुकी साखळीला. ती खुंट्याभोवती गोल फिरायची, साखळी गुंडाळून संपली की उलटी फिरायची. खुंट्याभोवती जमिनीत चर पडला. गळ्याचे केस गेले, खाली कातडं लाल झालं. पुढचा पंजा तिनं चाटून चाटून सोलून काढला. बायको हळद दाबायची आणि मुकी तीही चाटून टाकायची.

अशात मेव्हण्यानं ट्रकवर नोकरी लावून दिली. मेंढक्याकडे मोठ्या गाडीचं लायसन होतं, हात मात्र ट्रॅक्टरवर बसलेला. त्यामुळे सुरुवातीला एका जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली लांबच्या फेऱ्या करायच्या असं ठरलं. गेलं की पंधरवडा-पंधरवडा घरी येणं नाही.

"तिला घेऊन जा," बायको म्हणाली.

"ट्रकमध्ये कुत्रं कोण ठेवू देईल?"

"मग माझ्या गळ्यात बांधणार? मी कामाला जाऊ, पोरांचं बघू, का तुमच्या मुकीवर पहारा देऊ? साखळी एक दिवस तुटणार. आणि तुमचा भाऊ बोलतो तसं करतो, हे तुम्हाला माहीत आहे."

मेंढक्याला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. त्यानं एक गोणपाट, एक जर्मनची वाटी आणि मुकी एवढं घेतलं आणि निघाला.

जुन्या ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. अंगानं भरलेले, गुडघ्यांनी अधू, डोक्याचा चकचकीत गोटा, आणि बसायला स्वतःची उशी. ती उशी ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी केबिनचं दार उघडून खाली पाहिलं.

"ही कोण?"

"मुकी."

"मी नाव विचारलं नाही."

मेंढक्यानं सगळं सांगितलं. चुलतभाऊ सांगितला, पोतं सांगितलं. उस्ताद ऐकत राहिले.

"माझी बायको इतकी वर्षं मागं लागली होती, मला एकदा ट्रकमधून फिरवून आणा म्हणून," ते म्हणाले. "मी म्हटलं, मालक चालवून घेत नाही. आता कुत्री बसली हे तिला कळलं तर मला घरात घ्यायची नाही. चढव. मालकाला दिसू देऊ नकोस म्हणजे झालं."

दोन सीटा, मागं झोपायची एक अरुंद फळी, एवढी ती केबिन. त्यात दोन माणसं आणि ती कुत्री. मुकी दोघांच्या मधल्या इंजिनच्या उंचवट्यावर गोणपाट टाकून बसायची. खालून इंजिन भाजायचं म्हणून सारखी पाय बदलायची. समोरच्या गाड्यांवरून तिची नजर हलत नसे. एखादी गाडी बाजूनं पुढं निघून गेली की तिच्या अंगातून कळ जायची. कळपातलं एक फुटून चाललं आणि आपण इथं बसलोय. पहिले काही दिवस ती काचेवर धडका मारायची. मग धडका मारणं थांबलं आणि नुसती थरथर उरली.

मेंढक्याची गत फार वेगळी नव्हती. जन्मभर दोन पायांवर फिरलेला माणूस, त्याचे पाय आता एका जागी लोंबकळून सुजले होते. आरशात बघून गाडी मागं घ्यायला शिकताना त्याला घाम फुटायचा. आरशात डावं ते उजवं वाटायचं आणि मागं उभा असलेला हमाल हात हलवून काय सांगतोय ते कळेपर्यंत गाडीचा मागचा फाळका भिंतीला टेकलेला असायचा. "मेंढरं बरी होती ना?" हमाल हसायचे. त्याचं मेंढक्या हे नाव इथलंच, ट्रकवाल्यांनी ठेवलेलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे कारखान्यांच्या दारातल्या रांगा. माल घेऊन पोचायचं आणि नंबर लागेपर्यंत उन्हात उभं राहायचं. रांग ट्रकभर पुढं सरकायची आणि परत थांबायची. आवारात जनावर उतरवायचं नाही असा दरडावणीचा हुकूम. मुकी सीटखालच्या सावलीत जीभ बाहेर टाकून पडायची. मेंढक्या गोणपाट ओलं करून तिच्या अंगावर टाकायचा. ते बघता बघता वाळायचं. डांबरावर ती लघवी करायची नाही. तिला माती लागायची. माती दिसेपर्यंत बिचारी कळ सोसायची आणि माती दिसली की मेंढक्या उस्तादांकडे बघायचा. उस्ताद गाडी बाजूला घ्यायचे. एवढा उपकार ते करायचे आणि दिवसभर तो बोलून दाखवायचे.

अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि एकदा गाडी आवारात लागताच मालक स्वतः केबिनमध्ये चढले. त्यांनी सीटवरून एक केस उचलला. लांब, काळा.

"हा कुणाचा?"

उस्तादांनी आपल्या गोट्यावरून हात फिरवला. "माझा तर नाही."

मालकांनी वाकून सीटखाली पाहिलं. मुकीनंही त्यांच्याकडे पाहिलं. ते मागं सरले.

"पुढच्या फेरीला हे दिसलं तर दोघंही खाली उतरा. कुत्री आणि तू," ते मेंढक्याला म्हणाले. "माझी गाडी आहे, चिडियाघर नाही."

पुढची फेरी दुसऱ्याच सकाळी निघायची होती, आणि गावाकडे जायला मध्ये सवड नव्हती. मेंढक्यानं आवारातल्या वॉचमनला विचारलं, टपरीवाल्याला विचारलं. कुणी घेईना. उस्ताद म्हणाले, "ही एक फेरी ने. परत आलो की बघू." परत आल्यावर काय बघायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या फेरीत नेहमीचा माल नव्हता. मालकाची जनावरांची गाडी रस्त्यात बंद पडली होती, म्हणून तिचं भाडं यांच्या अंगावर आलं. उंच जाळीची गाडी दिली. बाजाराच्या मागच्या बाजूला ती लावली, मेंढक्यानं दार उघडलं आणि त्याच्या नाकात वास शिरला. लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा. किती दिवसांनी आला तो वास. त्यानं तो छातीभर घेतला. मुकी तर उभीच राहिली.

मेंढरं विकायच्या दिवशी कुत्रं घरात बांधून ठेवायचं, अशी मेंढक्याच्या घराण्यात रीत. बापानं त्याला शिकवली होती, बापाला त्याच्या बापानं. वाडग्याच्या दारापर्यंत मेंढरं आपण आणायची, तिथं व्यापाऱ्याच्या हाती द्यायची आणि पाठ फिरवायची. गाडी आपण बघायची नाही आणि कुत्र्याला तर दाखवायचीच नाही. राखणाऱ्याच्या हातून हे काम करवून घेऊ नये, एवढंच बाप म्हणाला होता. म्हणून मेंढक्यानं केबिनच्या काचा वर घेतल्या, बोटभर फट ठेवली आणि मुकीला आत कोंडून खाली उतरला.

फाळक्याला लाकडी फळी तिरकी टेकवली होती. मेंढरं फळीवर चढेनात. बाजाराचा मुकादम चहा पीत उभा होता आणि त्याची माणसं रबरी पाइपांनी झोडत होती. पुढचं मेंढरू फळीच्या मध्यावर बिचकून थांबायचं, मागची त्याच्यावर चढायची आणि सगळी कडेनं खाली पडायची. एक एडका शिंग मोडून उभा होता, डोळ्यात रक्त उतरलेलं. एक म्हातारी मेंढी चार पाय पसरून बसली होती आणि एकजण तिला शेपटीनं ओढत होता.

"शेपूट नका धरू," मेंढक्या म्हणाला.

"मग काय आमंत्रण देऊ?" तो माणूस म्हणाला.

पाइप परत उठला. आणि मेंढक्याचे ओठ आपसूक आवळले. त्यानं काही ठरवलं नव्हतं. शीळ निघून गेली. लांब, खाली उतरत जाणारी. संध्याकाळी कळप घराकडे वळवायची.

मुकीनं काचेच्या फटीत नाक घातलं, ढिली काच कुरकुरत खाली गेली आणि ती बाहेर पडली. कुणाकडे न बघता ती मेंढरांच्या मागं गेली आणि पोट टेकवून बसली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मेंढरांनी कान उभे केले, अंगाला अंग लावलं. मेंढक्यानं दुसरी शीळ दिली, आखूड. म्हातारी मेंढी उठली आणि फळीवर चढली. तिच्या मागं सगळी. मुकादमाच्या हातातला चहा निवायच्या आत फाळका बंद झाला.

माणसं पाइप घेऊन उभीच राहिली. कुणीतरी शिट्टी मारून पाहिली. मुकीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मेंढक्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? आरशात डावं-उजवं न कळणारा, हमालांच्या थट्टेचा धनी झालेला माणूस तो. आज सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मुकीची शेपटी हलत होती, डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक आली होती. त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

मुकादम तोवर फोनवर बोलत होता. त्यानं फोन पुढं केला. पलीकडे मालक.

"अरे, आधी सांगायचं नाही का?" मालकांचा आवाज हसरा होता. "कुत्री राहू दे गाडीत. आजपासून जनावरांची ही लाईन तुझी."

उस्ताद म्हणाले, "झालं बुवा तुझं काम."

मेंढक्याही रस्ताभर तसंच म्हणत राहिला. झालं काम. मुकी वाचली. मागून मेंढरांची धडपड ऐकू येत होती आणि मुकी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, समोरच्या गाड्यांकडे न बघता गाढ झोपली होती.

ही गाडी कुठं रिकामी करायची हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि दारात जाऊन उभं राहणं यांत केवढं अंतर असतं, हे त्याला कत्तलखान्याच्या आवारात गाडी मागं घेताना कळलं. दोन्ही बाजूंना उंच पत्रे, मध्ये अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला लोखंडी शटर अर्धं उघडलेलं. फरशी धुतलेली होती, तरी मेंढरांना कळलं. फाळक्यातून उतरली आणि बोळाच्या तोंडाशी थबकली. एकही पाऊल टाकीना.

तिथला माणूस रबरी बूट घालून आला. "कुत्रीवाला ड्रायव्हर कोण?"

बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"दमली आहे ती," मेंढक्या म्हणाला. "पाय दुखावलाय तिचा."

"मालकाशी बोललोय आम्ही. बोलू का परत?"

मेंढक्यानं उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद टायरला लाथ मारून हवा बघत होते. हवा ठीक होती, तरी बघत होते.

मेंढक्याचे ओठ कोरडे पडले. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. त्यानं ओठ ओले केले आणि शीळ घातली, घराकडे वळायची. त्याला दुसरी येतच नव्हती. मेंढरांनी माना वळवल्या. मुकी मागून आली, पोट टेकवून, आनंदानं. मेंढरं अंगाला अंग लावून बोळात शिरली आणि सावकाश, न बिचकता, शटरखालून आत गेली. शेपटी धरून कुणाला ओढावं लागलं नाही. शटर खाली आलं.

मेंढक्या गाडीशी गेला. दार उघडून त्यानं हाक मारली. मुकी आली नाही.

ती शटरला अंग लावून आडवी झाली होती. गावाकडे वाडग्याचं दार लावलं की ती अशीच दाराला आडवी पडायची आणि सकाळी दार उघडून मेंढरं बाहेर पडेपर्यंत उठायची नाही. आत गेलेली मेंढरं बाहेर येतात, एवढंच तिला माहीत होतं. शटरच्या आतून आवाज यायला लागले तसे तिचे कान ताठ झाले. तिनं मेंढक्याकडे पाहिलं, पुढच्या हुकुमासाठी.

त्यानं परत हाक मारली. मग जाऊन तिला उचललं. तिनं अंग जड केलं, पण दात दाखवले नाहीत. बोळातून चालताना तिचं काळीज त्याच्या छातीवर थडथडत होतं. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा नीट कळलं आणि तिच्या मानेत तोंड घालून तो रडला. बूटवाला माणूस फरशीवर पाणी मारत होता. त्यानं पाय थोडे बाजूला घेतले.

पुढच्या फेरीला तेच झालं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. मेंढरं आत, मुकी शटरला, आणि मेंढक्या तिला उचलून आणणारा. बूटवाले त्याची वाट बघायला लागले. "आला बाळंतिणीला घेऊन," असं म्हणून हसायचे. पाइप आता कुणी हातात घ्यायचं नाही. उस्ताद त्याची समजूत काढायचे, "मार तर वाचला ना त्यांचा?" हे खरं होतं, आणि या खऱ्याचा मेंढक्याला काही उपयोग नव्हता.

सुटीत तो घरी गेला. बायकोनं मुकीला पाहिलं आणि हरखली. गळ्यावर केस आले होते, पंजा भरला होता, अंगावर तकाकी होती.

"मानवली हिला नोकरी," ती म्हणाली. "तुमचंच तोंड का असं?"

त्यानं सांगितलं. ती पोरीच्या वेणीला रिबीन बांधत होती. हात थांबवले नाहीत.

"आपली मेंढरं व्यापाऱ्यानं काय शाळेत घालायला नेली होती?" ती म्हणाली.

"ते मी बघायला गेलो नाही."

"हेच म्हणते मी. तुम्ही पाठ फिरवायचात. घरात तिला धरून ठेवायला कोण असायचं? मीच ना? गाडीचा आवाज आला की ती दाराला नखं मारायची आणि मी तिचे डोळे झाकून बसायची. तुमच्या घराण्याची रीत माझ्या हातांवर चालली." तिनं गाठ मारली. मग हळू आवाजात म्हणाली, "नको वाटत असेल तर सोडा. पण तिचं काय करायचं ते आधी ठरवा."

अंगणापलीकडे चुलतभाऊ शेळ्या बांधत होता. मुकी कुंपणाशी पोट टेकवून बसली होती. चुलतभावानं तिच्याकडे पाहिलं, मग मेंढक्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

परत कामावर गेल्यावर मेंढक्या मालकांच्या टेबलासमोर उभा राहिला. बस म्हणाले तरी बसला नाही.

"लाईन बदलून द्या, मालक. पोती द्या, सळ्या द्या, काहीही द्या."

"देतो की," मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सळ्यांची गाडी उद्याच आहे. पण सळ्यांना कुत्री लागत नाही. तिला घरी ठेव. नाहीतर कत्तलखानावाले तिला मागतातच आहेत, तिथं ठेव. जेवणखाण व्यवस्थित करतील तिचं."

"तिथं नको."

"मग घरी."

मेंढक्याच्या डोळ्यांपुढं खुंट्याभोवतीचा चर आला.

"विचार करून सांग," मालक म्हणाले.

"केला," मेंढक्या म्हणाला. "राहू दे आहे ती लाईन."

त्या फेरीला ऊन मरणाचं होतं. बाजारात गाडी भरली. वाटेत उस्तादांनी त्याला चालवायला दिलं; आता आरशातलं डावं-उजवं त्याला बरोबर कळत होतं. कत्तलखान्याच्या बोळाला त्यानं एका दमात फाळका लावला. बूटवाल्यानं मान डोलावली.

मेंढक्यानं शीळ घातली. मुकीनं मेंढरं उतरवली, बोळात घातली. एक कोकरू बिचकून मागं वळलं, तिच्या नाकाला नाक लावून उभं राहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. ते वळलं आणि आत गेलं. शटर खाली आलं.

मेंढक्या तिला उचलायला बोळात शिरला. निम्म्या वाटेवर मुकीच त्याला समोरून येताना दिसली. ती शटरपाशी थांबली नव्हती. तिनं वासही घेतला नव्हता. ती त्याच्या पायाला घासून पुढं गेली, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, केबिनमध्ये चढली आणि गोणपाटावर जाऊन बसली.

"शिकली," उस्ताद म्हणाले. "तुझा ताप वाचला."

मेंढक्या चढून बसला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती शांत होती, थरथर नव्हती. शटरच्या आतून आवाज यायला लागले. तिचे कान हललेसुद्धा नाहीत. ती समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. एकदा तरी ती मागं वळून बघेल म्हणून तो किल्ली हातात धरून बसून राहिला. बाजूला नंबर लावून उभी असलेली गाडी हॉर्न वाजवायला लागली.

"चल," उस्ताद म्हणाले, "नंबर लागलाय त्यांचा."

मेंढक्यानं गाडी सुरू केली.